स्टँडबाय युनिट क्रमांक दोन

सारिका खोतच्या उजव्या हाताचा सत्कार झाला, तेव्हा तिच्या डाव्या हातात बेडपॅन होतं.

त्यात तिची काही चूक नव्हती. मिरजेच्या सप्तसुख हॉस्पिटलात तिसऱ्या वॉर्डाची मावशी म्हणून ती नऊ वर्षं राबत होती, आणि व्यवस्थापक ओगले साहेबांनी "जरा खाली ये" एवढाच निरोप धाडला होता. खाली हॉलमध्ये पुण्याचे इंजिनिअर, गुच्छ आणि फोटोग्राफर वाट बघत असतील हे कुणी सांगितलं नव्हतं. बेडपॅन ठेवायला ती जागा शोधतेय तोवर खांद्यावर शाल पडली, उजव्या हातात नारळ आला आणि फोटो निघाला. तो फोटो आजही हॉस्पिटलच्या दर्शनी भिंतीवर आहे. खालचा भाग कापलाय. नारळाची तिने चटणी केली, शाल सासूबाईंनी नेली. सत्काराची एकूण मिळकत ती एवढी.

सत्कार कशाचा, ते सांगायला हवं.

माणसाच्या कातडीतून स्पर्शाची बातमी मेंदूकडे नेणारे मज्जातंतू दोन जातींचे. एक जात घाईची. काय लागलं, कुठे टेकलं, गुळगुळीत की खरखरीत, सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत वर पोचवते. दुसरी जात संथ. टोचल्या-बोचल्याला ती दाद देत नाही. कुणी कोमट हाताने, मुंगी चालते साधारण त्या चालीने अंगावरून हात फिरवला, तरच ती जागी होते. आणि मग ती मेंदूला 'कुठे काय लागलं' हे सांगतच नाही. 'कुणीतरी आहे', एवढाच तिचा निरोप. तेवढ्या निरोपावर नाडी उतरते, रक्तातलं ताणाचं रसायन कमी होतं, जखमेला भरून यायला सवड मिळते.

शास्त्राला हे ठाऊक होतं, पण वॉर्डात मोजता येत नव्हतं. मग छातीवर चिकटवायच्या पट्ट्या आल्या. नाडी, घाम, ताण, सगळं दिवसभर टिपणाऱ्या. आणि संगणकाने सांगितलं की सप्तसुखच्या तिसऱ्या वॉर्डातली माणसं इतरांच्या आधी बरी होऊन घरी जातात.

पहिलं श्रेय पडद्यांना मिळालं. तिसऱ्या वॉर्डाचे पडदे पोपटी होते, म्हणून सगळ्या हॉस्पिटलला पोपटी पडदे लागले. फरक पडेना. मग गाद्या बदलल्या. मग खिडकीबाहेरच्या करंजाच्या झाडावर एका डॉक्टरांनी परिषदेत निबंध वाचला, त्यांना बक्षीस मिळालं. शेवटी कुणाच्या तरी लक्षात आलं, की सारिका रजेवर असली की ताणाचा आलेख वर चढतो आणि ती आली की उतरतो. करंज रोज हजर असतो.

मग तिच्या हातावर सेन्सरचा मोजा चढवून पुण्याच्या कंपनीने तो हात महिनोन्‌महिने टिपला आणि त्यातून 'स्नेहहस्त' तयार झाला: पलंगाशेजारी खांबावर बसवलेला, आतून कोमट असा सिलिकॉनचा हात. सारिकाच्या हालचालींतलं औषध कुठलं आणि सवय कुठली हे इंजिनिअरांना कळेना, म्हणून त्यांनी सगळंच शिकवलं. स्नेहहस्त कपाळावरून फिरायचा, पायावरची चादर ओढायचा, खांद्यावर दोनदा थोपटायचा आणि शेवटी मागे वळून, नसलेल्या कमरेच्या नसलेल्या पदराला स्वतःला पुसायचा. ही पदराची हालचाल बिनकामाची म्हणून काढून टाकली, तर पेशंटांच्या नाड्या चढल्या. परत घातली.

स्नेहहस्ताच्या एका बैठकीचं बिल सारिकाच्या आठवड्याच्या पगाराएवढं होतं.

त्याला काचेची खोली मिळाली. चोवीस अंशांवरचा एसी, विमा, दर दोन पेशंटांनंतर विश्रांती. जड उचलायला लावायचं नाही, दारावर तशी पाटीच होती. सारिकाचं काम मात्र तसंच राहिलं. पेशंट उचलून खुर्चीत ठेवायचा, खुर्ची ढकलत काचेच्या खोलीत न्यायची आणि आपल्याच हाताला पेशंट सोपवून बाहेर स्टुलावर बसायचं. स्टूल खरं तर ऑक्सिजनचं सिलिंडर टेकवायला होतं.

आणि ह्या सगळ्याची देखभाल करायला नेमलेला तंत्रज्ञ होता धनाजी खोत. सारिकाचा नवरा.

धनाजी मूळचा एसी दुरुस्तीवाला. काचेच्या खोलीचा एसी नीट केला, तिथेच चिकटला. कंपनीने त्याला पुण्याला नेऊन शिकवलं, बिल्ला दिला, निळं जाकीट दिलं. यंत्राची काळजी घेण्याचा पगार माणसांची काळजी घेण्याच्या तिप्पट निघाला. रोज सकाळी तो स्नेहहस्त ओल्या मऊ फडक्याने पुसायचा, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. मग स्वतःची बाही वर करून तो हात आपल्या दंडावरून फिरवून घ्यायचा, वेग बरोबर आहे का ते बघायला. डोळे मिटून.

सारिका काचेतून बघायची. 'हा माणूस रोज सकाळी माझ्याच हाताकडून अंगावरून हात फिरवून घेतो,' तिच्या मनात यायचं, 'आणि घरी आला की मीठ मागतो.'

पगारवाढीसाठी ती दर वर्षी ओगले साहेबांकडे जायची. दर वर्षी ते तिला बसायला सांगायचे. वाढ तेवढीच.

"मावशी, सप्तसुख हे एक कुटुंब आहे," ह्या वर्षी ते म्हणाले. "कुटुंबात कुणी पगाराचं काढतं का?"

"नाही साहेब. माझ्या घरात पण मला कुणी पगार देत नाही. म्हणून तर इथं यायला लागलं."

"तसं नाही गं. शिवाय कागदोपत्री तू आमची नाहीसच. ठेकेदाराची आहेस."

"आत्ता कुटुंब म्हणालात."

"भावनेने कुटुंबातली. कागदाने ठेकेदाराची." एवढ्यात साहेबांचा फोन वाजला. पलीकडे धनाजी होता. स्नेहहस्ताच्या मनगटातली मोटर जळाली होती. साहेब खुर्चीतून अर्धे उठले. "पार्ट कुठे मिळतो? बंगळूर? मग विमानाने मागव! किंमत विचारत बसू नकोस. किती दिवसांत येतो मागवून?" फोन ठेवून त्यांनी सारिकाकडे बघितलं. आधी चेहऱ्याकडे, मग उजव्या हाताकडे.

"मावशी, एक काम करशील?"

काम सोपं होतं. काचेच्या खोलीत खांबामागे पोपटी पडदा लावला. पडद्याला भोक पाडलं. पडद्याआड सारिका बसली आणि भोकातून तिने हात बाहेर काढला.

पहिले पेशंट बिराजदार आजोबा, जतकडचे, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले. सारिकाने कपाळावरून हात फिरवला, चादर ओढली, खांद्यावर थोपटलं आणि सवयीने हात मागे घेऊन पदराला पुसला. आजोबांनी निःश्वास सोडला.

"मशीन भारी आहे की हो," ते नर्सला म्हणाले. "माणसाला जमायचं नाही असलं. ती वॉर्डातली मावशी आहे बघा, ती पण बरी आहे, पण घाईत असते."

बिल मशीनचंच लागलं. पार्ट येईपर्यंत सारिकाने पडद्याआडून सगळा वॉर्ड शांत केला आणि मग थेट साहेबांची केबिन गाठली.

"मशीनच्या कामाचे मशीनएवढे पैसे द्या."

"अगं, माणसांच्या बजेटमध्ये एक रुपया नाही. पाहिजे तर तुला दाखवतो. यंत्रांच्या बजेटमध्ये आहेत. वर्षअखेर उरतात सुद्धा. पण ते माणसावर खर्च करता येत नाहीत."

"मग मला यंत्रांत घ्या," सारिका वैतागून म्हणाली.

साहेब हसले. मग हसायचे थांबले. विम्याची माणसं पाहणीला येणार होती आणि त्यांचा नियम होता, की उपचाराच्या प्रत्येक यंत्राला एक राखीव यंत्र हवं. दुसरा स्नेहहस्त घ्यायचा तर हॉस्पिटलची एक विंग गहाण पडली असती.

"मावशी," साहेब हळुवारपणे म्हणाले, "यंत्रांच्या बजेटमध्ये तरतूद मात्र चांगली असते हं."

अशा रीतीने सारिका खोत हिचं नाव ठेकेदाराच्या हजेरीतून कमी होऊन ती 'स्टँडबाय युनिट क्रमांक दोन' झाली. तिच्या बिल्ल्यावर बारकोडचं स्टिकर चिकटवलं गेलं. विम्याच्या माणसाने तिच्याकडे बघितलं, स्टिकरवर स्कॅनर धरला, स्कॅनर 'टिंग' वाजला, आणि त्याचं समाधान झालं.

सुरुवातीचे दिवस सुखाचे गेले, हे नाकबूल करता येणार नाही. चोवीस अंशांची खोली. दर दोन पेशंटांनंतर विश्रांती. एका डॉक्टरांनी सवयीने "मावशी, जरा चहा सांग" म्हटलं, तर धनाजीने त्यांना समज दिली, की युनिट देखभाल विभागाच्या परवानगीशिवाय खोलीबाहेर नेता येत नाही. कुणी तिला पेशंट उचलायला लावेना. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिची कंबर दुखायची थांबली. माणूस असताना हे का जमत नव्हतं, असा प्रश्न तिला पडायचा, पण गार हवेत तो लगेच विरून जायचा.

मग एक तारीख आली आणि फोनवर पगाराचा मेसेज आला नाही.

"यंत्राला पगार कसा देणार?" ओगले साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात कपट नव्हतं, हेच सगळ्यात वाईट होतं. "पण नाराज होऊ नकोस. तुझ्या नावावर देखभाल खर्च मंजूर झालाय. तुझ्या जुन्या पगारापेक्षा जास्त!"

"मग तो कुठाय?"

"कुठे म्हणजे? देखभाल तंत्रज्ञाच्या खात्यात."

संध्याकाळी तिने भाकरी थापता थापता विषय काढला. धनाजी नवी चप्पल घालून बघत होता.

"आगं, घरातच आलं नव्हं?" तो म्हणाला. "तुझ्या खात्यात काय नि माझ्या खात्यात काय. उलट वाढूनच आलं."

"वाढून आलं. मग द्या त्यातले. भिशी भरायची आहे, आणि भावाच्या पोरीला बारशाला काहीतरी न्यायला पाहिजे."

"देतो की. किती पाहिजेत?" आणि मग अगदी सहज, चपलेचा पट्टा ओढत त्याने विचारलं, "आणि बारशाला काय न्यायचं म्हणतेस?"

सारिकाचा हात परातीत थांबला. पगार तुटपुंजा होता, लाज वाटावी असा होता. पण नऊ वर्षांत त्या पैशांना 'काय' आणि 'कशाला' असं कुणी विचारलं नव्हतं. वाळे घ्यावेत, झबलं घ्यावं, नाहीतर नुसतं पाकीट द्यावं, तिचं ती ठरवत आली होती. तिला थोडका मिळायचा, पण तिचा मिळायचा. आता जास्त मिळत होता, आणि तो तिच्यावर खर्च होणार होता, एसीच्या गॅससारखा.

"वाळे," ती म्हणाली.

"चांदीचे? महाग झालीये की चांदी."

तिने भाकरी तव्यावर टाकली. जरा जोरातच पडली.

जेवण झाल्यावर धनाजी टॅबलेट घेऊन बसला. युनिट दोनचा देखभाल अहवाल त्याला दर आठवड्याला भरावा लागायचा. "तापमान ठीक?"

"ठीक."

"हालचाल सुरळीत?"

"सुरळीत."

"काही आवाज येतोय?"

"येतोय."

धनाजीने मान वर केली. "कुठनं?"

"आतनं."

त्याने पर्यायांची यादी वरपासून खालपर्यंत चाळली. मग त्याने 'आवाज नाही'वर टिचकी मारली, कारण 'आतून'ला पर्याय नव्हता.

तीन वेळा ती साहेबांकडे गेली. मला परत माणसांत घ्या, म्हणाली. साहेबांनी तिन्ही वेळा बसायला सांगितलं. ठेकेदाराची जागा भरली होती. तिच्या जागी आलेली नवी मावशी आणखी स्वस्तात मिळाली होती. शिवाय युनिट दोन यादीतून काढलं तर विम्याला कळवावं लागलं असतं. माणूस काढायला साहेबांची सही पुरायची. यंत्र काढायला समिती लागत होती.

त्यात खंडेनवमी आली.

सप्तसुखमध्ये खंडेनवमीचं मोठं प्रस्थ. संस्थापक नानासाहेब, म्हणजे मोठे डॉक्टर, ह्या बाबतीत कडक होते. जीव वाचवणारी यंत्रं सोडून बाकी सगळी यंत्रं त्या दिवशी धुऊनपुसून बंद करायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची. एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना कामाला लावायचं नाही. ती वर्षभर राबतात, एक दिवस त्यांचा, असं नानासाहेब दर वर्षी भाषणात सांगायचे. ते ऐकायला मावश्यांना सकाळी लवकर बोलावून खुर्च्या मांडायला लावायचे.

ह्या वर्षी नानासाहेब स्वतःच दुसऱ्या मजल्यावर दाखल होते. गुडघा बदलला होता. सगळं उत्तम होतं, दुखण्याची औषधं चालू होती, नर्स उशाशी होती. फक्त रोज दुपारी स्नेहहस्ताची सवय लागलेली, आणि आज स्नेहहस्त बंद. नानासाहेब चिडचिड करायला लागले. नर्सला म्हणाले, सूप खारट आहे. सूप अजून आलं नव्हतं.

खाली हॉलमध्ये सोनोग्राफी, रक्त तपासायची यंत्रं, लिफ्टची उतरवून आणलेली बटणांची पाटी अशी सगळी ओळीने सजली होती. धनाजी निळं जाकीट घालून, ताम्हन घेऊन एकेकाला कुंकू लावत पुढे सरकत होता. स्नेहहस्तापाशी आला, त्याच्या मनगटाला माळ घातली. आणि पुढचं यंत्र बघायला मान वळवली, तर शेजारच्या स्टुलावर सारिका बसली होती. धुतलेली साडी, हात गुडघ्यांवर उताणे, छातीवर बारकोड.

"काय चाललंय गं?" तो कुजबुजला. "ऊठ की. लोक बघायलेत."

"मी यादीत आहे," ती म्हणाली. "बघा टॅबलेटवर. ओळीत नववी."

त्याने बघितलं. ती नववी होती.

इतक्यात ओगले साहेब जिन्यावरून धापा टाकत आले. "मावशी! बरं झालं सापडलीस. चल वर, नानासाहेबांना... अगं, अशी का बसलीस?"

"आज यंत्रं बंद असतात, साहेब."

"चेष्टा पुरे. अगं, तू माणूस आहेस!"

हॉलमध्ये जमलेल्या मावश्या, वॉर्डबॉय, लॅबवाले, सगळे वळून बघायला लागले. हे वाक्य ह्या इमारतीत कामगाराला उद्देशून पहिल्यांदाच उच्चारलं जात होतं.

"कधीपासनं?" सारिकाने विचारलं.

"कधीपासून म्हणजे? पहिल्यापासून!"

"मग माझा पगार कुठाय?"

साहेबांनी तोंड उघडलं. माणसांच्या बजेटबद्दलचं वाक्य जिभेवर आलेलं दिसत होतं, पण समोर एवढी माणसं बसली होती की ते बाहेर पडेना. ते धनाजीकडे वळले. "खोत, तुमच्या मिसेसना समजवा जरा. तुमच्या भत्त्याचाही प्रश्न आहे हा."

धनाजी ताम्हन घेऊन उभा. नव्या चपला पायात करकरत होत्या. त्याने साहेबांकडे बघितलं, माळ घातलेल्या रबरी हाताकडे बघितलं, मग सारिकाच्या हाताकडे. तळव्यावर घट्टे होते. स्नेहहस्ताला ते शिकवलेले नव्हते. रोज सकाळी रबरी हाताच्या बेचक्या पुसणाऱ्या ह्या माणसाला, खऱ्या हाताच्या बोटांवर चिरा किती खोल गेल्यात हे माहीत नव्हतं.

तो खाली बसला. तिचा उजवा हात त्याने आपल्या हातात घेतला आणि मनगटापासून बोटांपर्यंत हळद लावली, सावकाश, मुंगीच्या चालीने. तो वेग त्याच्या अंगात भिनला होता. सारिकाने डोळे मिटले नाहीत, पण तिचे खांदे जरा खाली आले. मग त्याने कुंकू लावलं, गळ्यात माळ घातली आणि जाकिटाच्या खिशातून ती लाल पाटी काढली जी बिघडलेल्या यंत्रावर लावायची असते. ती त्याने माळेच्या दोऱ्यालाच अडकवली.

"युनिट दोन बंद आहे, साहेब," तो उभा राहत म्हणाला. "नादुरुस्त."

"नादुरुस्त? काय झालंय?"

"आतनं आवाज येतोय. मागच्या महिन्यापासनं येतोय. माझ्याकडनंच नोंदवायचा राहिला."

वरून नानासाहेबांची घंटी वाजली. पुन्हा वाजली. ओगले साहेबांच्या कपाळावर घाम आला. यंत्र बंद पडलं की त्यांचं जे व्हायचं ते आपोआप व्हायला लागलं. पाय हलले, आवाज चढला, फोन हातात आला.

"पार्ट लागणार का?"

"लागणार."

"कुठला?"

"पगार," धनाजी म्हणाला. "तिच्या खात्यातला. माझ्या खात्यातला बसत नाही, घालून बघितला."

"किंमत विचारत बसू..." साहेब सवयीने बोलून गेले आणि जिथल्या तिथे थांबले. मागे एक वॉर्डबॉय फिसकन हसला. घंटी तिसऱ्यांदा वाजली, ह्या वेळी लांबलचक.

सारिकाने हळदीचा हात मागे घेतला आणि पदराला पुसला.

ओगले साहेबांनी फोनकडे बघितलं, लाल पाटीकडे बघितलं. आणि पडलेल्या आवाजात, दर वेळी विचारतात तेच विचारलं,

"किती दिवसांत येतो मागवून?"

"ते तुमच्यावर आहे, साहेब," सारिका स्टुलावरून न हलता म्हणाली. "बंगळूरहून यायचा नाही हा."